उपकार कुणाचे आणि सत्कार कुणाचा?

धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून त्यातले काही तपशील मी बदललेत, काही गाळलेत. मजकूर थोडक्यात असा:

घरचं कृषी केंद्र आहे. मुलगा दहा वर्षांचा, पाचवीत. मागच्या थंडीत एका संध्याकाळी तो क्लासहून घरी आलाच नाही. रात्री पंधरा लाखांसाठी फोन आला. पूर्वी दुकानात कामाला असलेल्या एकानं आणि त्याच्या अनोळखी साथीदारानं मुलाला मोटारसायकलवरून नेलं होतं. तिसऱ्या दिवशी पहाटे शिरपूरच्या पुढे, मध्य प्रदेशच्या हद्दीजवळ, एका शेतातल्या पत्र्याच्या खोलीत तो पोलिसांना सापडला. अंगावर ओरखडाही नव्हता.

पहिल्या रात्री धाकट्या दिरांनी ओळखीच्या पत्रकाराला फोन केला होता. गावातल्या केबलवर आणि यूट्यूबवर चालणाऱ्या चॅनेलचा हा माणूस. रात्री बारा वाजता त्यानं दिरांना स्वतःच्या गाडीवर बसवून पोलीस स्टेशनला नेलं आणि गुन्हा नोंदवून होईपर्यंत तिथेच थांबला. सकाळपासून बातमी सुरू झाली. मुलाचं नाव, गणवेशातला फोटो, शाळेचं नाव, घराची पाटी, ओट्यावर बसून रडणारी आई. खाली पट्टी: ‘जिल्ह्यात मुलं पळवणारी टोळी?’ दुपारी ‘पोलिसांची पथकं सेंधव्याच्या दिशेनं रवाना’, म्हणजे शिरपूरच्या पुढे मध्य प्रदेशात. मुलगा सापडला तेव्हा तो जीपमधून उतरत असतानाच त्याच्या तोंडासमोर बूम धरून विचारलं, ‘बाळा, तुला मारलं का? काय खायला दिलं?’ तो तेव्हा लाल स्वेटरमध्ये होता आणि थरथरत होता. तीच क्लिप ‘आमच्या बातमीचा दणका’ म्हणून आठवडाभर दाखवली. आजही ती यूट्यूबवर आहे.

आता चॅनेलचा वर्धापनदिन आहे. आमदार, पोलीस अधिकारी येणार आहेत आणि मुलाचा ‘धाडसी बालक’ म्हणून शाल-श्रीफळ देऊन सत्कार व्हायचा आहे. दिरांनी होकार कळवून टाकला. नवरा म्हणतो, ‘त्यांचे उपकार आहेत आपल्यावर. शिवाय दुकान याच गावात चालवायचंय.’ आई लिहिते: ‘मला मनातून हे नको आहे. पण नाही म्हटलं तर मी कृतघ्न ठरते का? मुलगा त्याबद्दल एक शब्द बोलत नाही. जेवतो, खेळतो, अभ्यास करतो. तो विसरलाय आणि मीच उगाच धरून बसले आहे का? आणि नाही म्हणायचं तर कसं म्हणायचं?’

ताई,

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. तिसऱ्या वेळी पेन्सिल घेऊन बसले आणि ‘उपकार’ हा शब्द किती वेळा आलाय ते मोजलं. सात वेळा. त्या शब्दाचं ओझं तुमच्या पदरात एवढं टाकलं गेलंय की पदर सोडून पाहायलाही तुम्हाला भीती वाटते आहे. तर आधी तेच पाहू.

त्या तीन दिवसांत तुमच्यासाठी नेमकं कुणी काय केलं? तुम्हीच लिहिलंय की फोन ज्या टॉवरच्या हद्दीतून आला त्यावरून पोलीस तिथवर पोहोचले, असं तपास अधिकाऱ्यांनी तुम्हाला सांगितलं. म्हणजे मुलगा बातमीमुळे सापडला नाही. ‘बातमीचा दणका’ हे शब्द चॅनेलनं स्वतःच स्वतःसाठी लिहिलेत, आणि आठवडाभर कानावर पडल्यामुळे तुमच्या घरालाही ते खरे वाटायला लागले. मात्र त्याच पत्रात दुसरी एक गोष्ट आहे, आणि ती निखळ खरी आहे. मध्यरात्री एक माणूस आपली गाडी काढतो, तुमच्या दिरांना मागे बसवतो, ठाण्यात ताटकळत बसतो, गुन्हा दाखल झाल्याशिवाय हलत नाही. तो उपकारच आहे. तो आयुष्यभर लक्षात ठेवावा असाच आहे. पण तो त्या माणसाचा आहे, चॅनेलचा नाही. त्याच्या हातात तेव्हा कॅमेरा नव्हता.

हे दोन वेगळे केलेत की निम्मा पेच सुटतो. त्या पत्रकाराला घरी जेवायला बोलवा. शेवभाजी करा, भरीत करा, त्याच्या बायको-मुलांनाही बोलवा. दिवाळीला त्याच्या घरी फराळाचा डबा जाऊ द्या. त्याच्या अडीअडचणीला तुमचे यजमान धावून जाऊ द्यात. आपल्याकडे माणुसकीची फेड अशीच होते. दहा वर्षांच्या मुलाला स्टेजवर उभं करून ती होत नाही, कारण ते देणं मुलाचं नाही.

आता बातमीविषयी. मी बातमीच्या विरोधात नाही. हरवलेल्या मुलाचा फोटो पहिल्या काही तासांत जितक्या डोळ्यांसमोर जाईल तितकं बरं. बसस्थानकावरचा चहावाला, पहाटे दूध घालणारा, ढाब्यावर काम करणारा पोरगा, यांतला कुणीही मूल ओळखू शकतो. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या आर्लिंग्टन शहरात १९९६ साली अँबर हॅगरमन नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीचं अपहरण झालं, तिचा खून झाला. त्यानंतर तिथल्या स्थानिक रेडिओ-टीव्ही केंद्रांनी पोलिसांबरोबर एक पद्धत बसवली आणि त्या पद्धतीला त्या मुलीचंच नाव दिलं: अँबर अलर्ट. मुलाचं वर्णन, गाडीचं वर्णन, संशयिताचं वर्णन तातडीनं प्रसारित करायचं. इशारा कधी द्यायचा हे मात्र पोलीस ठरवतात. म्हणजे टीव्ही खरोखर मुलं शोधायला मदत करू शकतो. पण त्यासाठी बातमीनं स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा: हे सांगितल्यानं मूल सापडायला मदत होणार आहे का?

गणवेशातला फोटो दाखवला, होय, त्यानं कदाचित मदत झाली असती. घराची पाटी दाखवून काय मिळालं? ओट्यावर रडणारी आई दाखवून? तुम्ही रडत होतात ते कुणाला मुलाचा पत्ता कळावा म्हणून नव्हे. आणि ‘पथकं सेंधव्याच्या दिशेनं रवाना’ ही ओळ कुणाच्या कामाची होती? पत्र्याच्या त्या खोलीत बसलेल्या दोघांच्या खिशात फोन असणारच होते. २३ ऑगस्ट २०१० रोजी फिलिपाइन्सच्या मनिला शहरात नोकरीवरून काढलेल्या एका पोलीस अधिकाऱ्यानं हाँगकाँगच्या पर्यटकांची बस ओलीस धरली होती. बसमध्ये टीव्ही होता. पोलीस कुठे उभे आहेत, त्याच्या भावाला कसं ओढत नेताहेत, हे सगळं तो आत बसून थेट पाहत होता. त्या दिवशी आठ पर्यटक मारले गेले. आपल्याकडेही मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याच्या थेट प्रक्षेपणावर सर्वोच्च न्यायालयानं २०१२ च्या निकालात कडक ताशेरे ओढले, ते याच कारणासाठी. तुमचा मुलगा सुखरूप आला ही देवाची आणि पोलिसांची कृपा. ती पट्टी चालू असूनही तो आला.

पत्रात तुम्ही आणखी एक वाक्य लिहिलंय, जाता जाता. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावात चादरी विकणाऱ्या दोघांना लोकांनी अडवून मारलं, पोलीस वेळेवर आले म्हणून ते वाचले. तुम्ही ते लिहून लगेच पुढे गेलात. मला जाता येत नाही. आपण खान्देशातली माणसं आहोत आणि आपल्याच साक्री तालुक्यात राईनपाडा आहे. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुलं पळवणारे समजून जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि जिवे मारलं. त्याआधी कितीतरी दिवस मोबाइलवर ‘मुलं पळवणारी टोळी आलीय’ असे निरोप फिरत होते. टोळी नव्हतीच. त्यानंतर ज्या कुणाला आपल्या जिल्ह्यात ‘टोळी’ हा शब्द पडद्यावर टाकायचा असेल, त्याचा हात थांबायला हवा होता. मग पुढे प्रश्नचिन्ह जोडलेलं असो की नसो. तुमच्या मुलाला नेणारा माणूस तुमच्या दुकानात वर्षभर चहा पीत होता. मार खाल्ला चादरी विकणाऱ्यांनी. यात तुमचा काडीचाही दोष नाही, तुम्ही तेव्हा भानावर नव्हतात. पण सत्कार स्वीकारणं म्हणजे त्या तीन दिवसांच्या सगळ्या बातम्यांवर तुमच्या घराचा शिक्का मारणं होईल, एवढं लक्षात घ्या.

आता मुलगा. ‘तो विसरलाय का?’ असं तुम्ही विचारता, आणि उत्तर तुम्हीच दोन ठिकाणी लिहून ठेवलंय.

एका ठिकाणी लिहिलंय की रात्री आठच्या बातम्यांचं म्युझिक सुरू झालं की तो उठून मागच्या अंगणात जातो. कधी पाणी प्यायचं म्हणतो, कधी सायकलला हवा भरायची म्हणतो. रोज. दुसऱ्या ठिकाणी कानबाईच्या रोटांचा, म्हणजे आपल्या खान्देशातल्या सणाचा, प्रसंग आहे. सगळे भाऊबंद जमलेले. चुलत्यांपैकी कुणीतरी मोबाइल काढला, ती क्लिप लावली आणि त्याला जवळ ओढून विचारलं, ‘काय रे पोऱ्या, भ्याव वाटनं का तुले?’ सगळे हसले, प्रेमानंच. त्यानं हातातला रोटाचा तुकडा खाली ठेवला आणि मग तो दिवसभर जेवला नाही. शाळेतली पोरं त्याला ‘ए ब्रेकिंग’ म्हणतात आणि तो वळून बघतो, कारण आता ते त्याचं नाव झालंय.

ताई, हे विसरणं नव्हे. मुलं तोंडानं सांगत नाहीत, उठून अंगणात जातात. त्याला त्या दोन रात्रींचं काय आठवतं ते आपल्याला ठाऊक नाही आणि खोदून विचारायचीही गरज नाही. पण इतकं स्पष्ट दिसतंय की त्या दोन रात्री कधीच्या संपल्या, क्लिप मात्र संपलेली नाही. खोलीतून त्याला पोलिसांनी सोडवलं. लाल स्वेटरमधल्या त्या मुलाला अजून कुणी सोडवलेलं नाही. त्या स्वेटरला तो हात लावत नाही, हेही तुम्हीच लिहिलंय.

तेव्हा तुम्ही ‘उगाच धरून बसलेल्या’ नाही. घरात तुम्ही एकट्याच त्याच्याकडे बघताय.

याला दुसरी बाजू आहे, तीही मांडते. काही मुलांना सत्कारानं बळ येतं. टाळ्या वाजल्या, सगळ्यांनी शाबासकी दिली, तर ‘ए ब्रेकिंग’ची बोच कमी होईल, असा विचार तुमच्या यजमानांच्या मनात असेल तर तो वाईट म्हणता येणार नाही. बापाला वाटतं, ज्या पडद्यावर पोरगं रडताना दिसलं त्याच पडद्यावर ते हसताना दिसावं. मला हा विचार समजतो. पण त्या स्टेजवर काय होईल ते डोळ्यांसमोर आणा. निवेदक आधी ती क्लिपच लावेल, मोठ्या पडद्यावर, त्याशिवाय सत्कार कशाचा ते पाहुण्यांना कळायचं कसं? मग त्याला माइक देतील आणि म्हणतील, ‘सांग बेटा, तेव्हा तुला काय वाटलं?’ शिवाय ‘धाडसी’ हा शब्द. त्यानं काही धाडस केलं नाही. तो घाबरला, रडला, जे मिळालं ते खाल्लं आणि वाट बघत बसला. दहा वर्षांच्या मुलानं असंच करायचं असतं. उद्या त्याला रात्री भीती वाटली तर ‘धाडसी बालक’ ती कुणाला सांगेल?

‘त्यालाच विचारून बघू’ असं दीर म्हणतील. विचारा, पण त्याच्या ‘हो’वर निर्णय टाकू नका. काका, वडील समोर उभे असताना दहा वर्षांचं मूल दुसरं काय म्हणणार?

कायदाही तुमच्या बाजूनं आहे, आणि पुष्कळ घरांना हे माहीत नसतं म्हणून नीट सांगते. बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७४ सांगतं की गुन्ह्याला बळी पडलेल्या किंवा गुन्ह्यात साक्षीदार असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, किंवा ज्यावरून ते ओळखू येईल असा कुठलाही तपशील वर्तमानपत्रात, वाहिनीवर, कुठल्याही माध्यमात द्यायचा नाही. अपवाद एकच: मुलाच्या हितासाठी बाल न्याय मंडळ किंवा बालकल्याण समिती कारणं लेखी नोंदवून परवानगी देऊ शकते. कलम मोडणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमचा मुलगा बळीही आहे आणि साक्षीदारही. तो हरवलेला असताना शोधण्यासाठी फोटो दाखवणं समजण्यासारखं आहे. तो सापडला त्या मिनिटाला त्या फोटोचं काम संपलं होतं. जीपमधून उतरतानाचं चित्रण मुळात दाखवायलाच नको होतं, आणि सत्कार म्हणजे त्याचीच दुसरी आवृत्ती, यावेळी तुमच्या संमतीनं.

शिवाय खटला अजून उभा राहायचा आहे. उद्या न्यायालयात मुलाला साक्ष द्यावी लागेल. स्टेजवर उत्साहाच्या भरात तो जे बोलेल आणि कोर्टात जे सांगेल त्यात तफावत निघाली, तर आरोपींचे वकील ती क्लिप पुढे करणारच. दुसरा आरोपी मुलाला अनोळखी होता. अशा आरोपीची ओळख परेड होते, आणि परेडआधी त्याचा चेहरा टीव्हीवर झळकला असेल तर त्या परेडचं वजन कमी होतं. चॅनेलनं त्याचा चेहरा दाखवला होता का, हे तुमच्या वकिलांना आजच सांगा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया आणि मुलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

नाही कसं म्हणायचं ते आता. आधी यजमानांशी बोला, दिरांशी नंतर. कायद्यापासून सुरुवात करू नका. एवढंच सांगा की आज रात्री आठ वाजता तुम्ही घरी थांबा आणि म्युझिक वाजल्यावर पोरगं काय करतं ते बघा. काही बोलू नका, फक्त बघा. तुमचं म्हणणं पटवायला मला यापेक्षा चांगला उपाय दिसत नाही. दुकानाची काळजी ते करतात ती खोटी नाही. गावात चॅनेलवाल्याशी वाकडं घेऊन धंदा करणं जड जातं, हे मला ठाऊक आहे. म्हणून भांडायला जायचंच नाही. यजमान स्वतः जाऊन मालकांना असं सांगू शकतात: “भाऊ, तुमच्या माणसानं त्या रात्री आम्हाला जी साथ दिली ती आम्ही विसरणार नाही. वर्धापनदिनाला मी येतो, माझ्या तोंडानं पोलिसांचे आणि त्याचे आभार मानतो. पण पोराला आणणार नाही, त्याचं नाव-फोटोही नको. केस कोर्टात आहे, आणि पोरगं अजून सावरतंय.” इतकं पुरे. जास्त कारणं दिली की लोक एकेक कारण खोडत बसतात. दिरांनी शब्द दिलाय म्हणून त्यांची मान खाली जाईल अशी तुम्हाला धास्ती आहे. मोठा भाऊ स्वतः जाऊन बोलला तर ती जाणार नाही.

तरीही आग्रह झाला, तर कलम ७४ चा उल्लेख करा. स्टेजवर पोलीस अधिकारी बसणार आहेत, त्यांना ते कलम पाठ असतं. आयोजकांनाही पाहुण्यांना अडचणीत आणायचं नसतं.

जुन्या क्लिपचं काय करायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही. पण ती काढल्याशिवाय या मुलाची सुटका होणार नाही. आधी लिंका आणि स्क्रीनशॉट स्वतःकडे जपून ठेवा. मग चॅनेलला साध्या मराठीत अर्ज द्या: मुलगा गुन्ह्यातला पीडित आणि साक्षीदार आहे, त्याची ओळख उघड करणाऱ्या अमुक अमुक क्लिप काढाव्यात. एक प्रत पोच घेऊन ठेवा. २०२१ च्या नियमांप्रमाणे वाहिन्यांनी आणि इंटरनेटवर बातम्या देणाऱ्यांनीही तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची आणि १५ दिवसांत तिचा निकाल लावायचा असतो. पुष्कळदा एवढ्यावरच काम होतं, कारण क्लिप ठेवणाऱ्याला तिचं काही पडलेलं नसतं, ती फक्त राहून गेलेली असते. नाहीच झालं, तर पालक म्हणून यूट्यूबकडे गोपनीयतेची तक्रार करता येते. केबलवरच्या प्रसारणाबाबत जिल्हाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते, मुलाबाबत जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे. समितीकडे जायला घाबरू नका. नाव सरकारी असलं तरी ती मुलांसाठीच आहे.

मुलाशी मात्र क्लिपबद्दल सभा भरवून बोलू नका. एखाद्या दिवशी अंगणात त्याच्या सायकलपाशी बसा आणि सांगा की तो सत्कार आपण घेत नाही आहोत आणि ते व्हिडिओ काढायला बाबा अर्ज देताहेत. त्यानं काही विचारलं तर उत्तर द्या, नाही विचारलं तर हवा भरायला मदत करा. रोज आठ वाजता घरातला टीव्ही बंद राहू द्या. बातम्या दुसऱ्या दिवशीच्या पेपरात वाचता येतात. पुढच्या रोटांना कुणी मोबाइल काढला तर मोठ्यांपैकी एकानं, शक्यतो तुमच्या सासऱ्यांनी, तिथल्या तिथे ‘ठेवा तो फोन’ म्हणायचं. वर्गशिक्षिकेला भेटून ‘ब्रेकिंग’ हे नाव बंद करायला सांगा. ते मुलांना रागावून नव्हे, त्याला वर्गात दुसरं काही काम देऊन. झोप उडाली, अंथरूण ओलं व्हायला लागलं, शाळेचं नाव काढताच पोटात दुखायला लागलं, तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या, क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. तुम्ही स्वतःसाठीही तो फिरवा. ओट्यावर रडणाऱ्या आईचंही चित्रण झालंय, आणि तिला कुणी काही विचारलेलं नाही.

हे वाचणाऱ्या इतर घरांसाठी थोडं. मूल दिसेनासं झालं तर २४ तास थांबायचा कुठलाही नियम नाही. बचपन बचाओ आंदोलन या संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये सांगितलंय की मूल हरवल्याची तक्रार आली की ते अपहरण किंवा तस्करी असल्याचं गृहीत धरून गुन्हा नोंदवायचा. ११२ (पोलीस) आणि १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) दोन्ही फिरवा. माध्यमांना द्यायचं ते चेहऱ्याचा अलीकडचा फोटो, कपडे, उंची, बोली, शेवटचं कुठे दिसलं तेवढंच. घर, शाळा, खंडणीचा आकडा, घरातली भांडणं, पोलीस कुठे गेलेत, यातलं काहीही नाही. घरातल्या एकाच माणसानं बोलायचं. आणि मूल आलं की त्याच रात्री सगळ्यांना फोटो काढून टाकायला सांगायचं.

त्या २०१३ च्या आदेशाचा एक परिणाम मात्र आपल्याकडे फार वाईट दिसतो. सोळा-सतरा वर्षांची मुलगी रागावून मावशीकडे निघून गेली तरी कागदावर अज्ञाताविरुद्ध अपहरणाचा गुन्हा लागतो, आणि तो लागलाच पाहिजे. पण केबलच्या पट्टीवर त्याचं ‘अल्पवयीन मुलीला फूस लावून पळवलं’ होतं, खाली गावाचं नाव, आडनाव. मुलगी चार दिवसांनी परत येते. ती परत आल्याची पट्टी कुणी चालवत नाही. मग आई-बाप घाईघाईनं स्थळं बघायला लागतात. जिल्ह्यात बातमी लिहिणाऱ्या तरुण मुला-मुलींना माझी हात जोडून विनंती आहे, गुन्हा नोंदवण्यासाठी पोलिसांनी वापरलेला शब्द पडद्यावर जसाच्या तसा चढवू नका. आडनाव आणि वाडी तर नकोच. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, कलम २३ हेच सांगतं.

मी हे बाहेरून बोलत नाही. तरुणपणी मी काही वर्षं जळगावात एका दैनिकासाठी तालुक्यांच्या बातम्या केल्या आहेत. एकदा एरंडोलकडचा एक मुलगा हरवला होता. त्याच्या आईनं भिंतीवरची तसबीर उतरवून, मागचे खिळे वाकवून, आतला फोटो काढून मला दिला. घरातला त्याचा एकुलता एक फोटो. फोटोच्या मागे कुंकवाचा वाळलेला ठिपका होता. मुलगा आठ दिवसांनी सुरतेहून आपणहून परत आला, एका हॉटेलात कपबशा धूत होता. बातमी संपली. त्याची आई दोनदा कार्यालयात फोटो मागायला आली. दोन्ही वेळा मी ‘शोधून ठेवते’ म्हणाले. तो टेबलाच्या खणात होता, मग खण बदलले, मग मी गाव बदललं.

तुमच्या पत्रात शेवटी, सहीच्या वर, एक ओळ आहे: त्या रात्री पत्रकाराला दिलेला गणवेशातला फोटो अजून परत आलेला नाही. यजमान नाही सांगायला जातील तेव्हा त्यांना तो मागून आणायला सांगा. ‘शोधून ठेवतो’ म्हणाले तर तिथेच खुर्ची ओढून बसा म्हणावं.

तुमची,
सदरलेखिका